सगळ्यांना सारखं तेल

दादू गोतारणे सात वर्षं एका मोटरसायकलवर राबला. चाकणच्या कंपनीत पहिली शिफ्ट उरकून घरी यायचा आणि दोन घास खाऊन पडवीत शिरायचा. तिथं भंगारातून जमवलेली टू-स्ट्रोक डर्ट बाईक उभी होती. सिलेंडर दापोडीचा, चाकं भोसरीची. टाकी कुठली, हे त्यानं बायकोला, कुशाबाईलाही सांगितलं नव्हतं. पिस्टनला काही झालं तर आपण अंथरूण धरू, असं मात्र कँटीनमध्ये उघड सांगायचा.

यंदा यात्रेत घाटात, म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीच्या चढावर, डर्ट बाईकची शर्यत ठरली. दहा गाड्या फोर-स्ट्रोक, अकरावी दादूची. कमिटीचे अध्यक्ष रंगराव तीस वर्षं बैलांचा निवाडा करत आलेले. त्यांनी माइकवर नियम सांगितला, "पेट्रोल कमिटीचं. वरून कुणी काय पाजायचं न्हाई."

दादू तेलाचा डबा घेऊन मंडपात गेला. "आण्णा, माझीला पेट्रोलात तेल घालावं लागतं."

"का? आजारी हाय?"

"न्हाई. फोर-स्ट्रोकच्या पोटात तेलाची वेगळी जागा असती. हिला ती न्हाई. पेट्रोलाबरोबर तेल गेलं तरच पिस्टन सरकतो. कोरडी पळवली तर निम्म्या घाटात इंजिन धरंल, पिस्टन जागीच जाम."

"म्हंजी तुझीला खुराक, आन् बाकीच्या उपाशी?"

पंचांनी माना हलवल्या. निवाडा झाला: दादूचा डबा अकराही गाड्यांना सारखा वाटायचा.

नव्या कोऱ्या फोर-स्ट्रोकवर बसलेला सिद्धेश म्हणाला, "अहो, माझीला नको. धूर होईल."

"पंगतीत बसलास ना? मग वाढलेलं खा," रंगराव म्हणाले.

गाड्या सुटल्या आणि घाट गायब झाला. इतका धूर की माणसं शेजारच्याला नाव विचारू लागली. वरच्या टोकाला निशाणवाल्याला धुरातून काहीतरी काळं येताना दिसलं. त्यानं निशाण पाडलं. ती घाटाशेजारी राहणाऱ्या भिमाबाईंची म्हैस होती. भिमाबाईंनी जिंकल्याचा भंडारा लावून घेतला आणि तक्रार अशी केली की वेळ कुणी मोजलीच नाही.

पंचांनी फेरशर्यत लावली. टाक्या रिकाम्या केल्या, ताजं पेट्रोल आणलं. तेलाचा डबा मात्र रिकामा झाला होता.

"आता कुणालाच तेल न्हाई," रंगराव खुशीत म्हणाले. "याच्यापरीस चोख न्याय कुठं मिळंल?"

"दादूभाऊ, एकदाच तर पळायचंय राव," गर्दीतनं कुणीतरी म्हणालं. "तेवढ्यानं काय होतंय?"

दादूनं किकवर पाय ठेवला. सिलेंडरवर हात फिरवला. अजून ऊन होता. त्यानं पाय काढला.

"पळवत न्हाई."

"मग बाद."

"बाद तर बाद. पेट्रोल काढून घ्या."

शर्यत सिद्धेशनं जिंकली. दादू रिकाम्या टाकीची गाडी ढकलत तळेगाव रस्त्याला लागला. रस्ता नेहमीसारखा तुंबलेला. कांद्याचे ट्रक, कंपनीच्या बसेस, कंटेनर, सगळं जागच्या जागी. दादू कडेनं एकेकाला मागं टाकत निघाला. पुढं एका पिकअपमध्ये सिद्धेश, त्याची गाडी आणि बँडवाले भंडाऱ्यानं पिवळे होऊन तासभर अडकले होते.

"दादूभाऊ," सिद्धेशनं वरून विचारलं, "ती चालू तरी हाय ना?"

"तेल घातलं की लगीच," दादू म्हणाला, आणि न थांबता पिकअपच्या पुढं गेला.