टचपॅड बंद होता, तरीही...

चूक माझी होती. आधी तेवढं लिहून टाकतो.

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. वय एक्कावन्न. कट्टा गावच्या बाजारात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं माझं छोटं दुकान आहे.

गेल्या वर्षी देवबागची सुजाता नर्सिंगचा फॉर्म भरायला आली. तिची आई आमच्याच बाजारात मासे विकते. "काकानू, कणकवलीच घातलात मां?" तिने दोनदा विचारलं. मी कणकवलीचंच कॉलेज निवडलं होतं. मग पत्ता टाइप करताना माझा तळहात टचपॅडला लागला, कर्सर वर उडाला आणि कॉलेज बदललं. माझी नजर कीबोर्डवर. टाइप करताना टचपॅड बंद ठेवायची सोय असते, मला ठाऊक होती... कंटाळा केला. न वाचताच फॉर्म पाठवला.

यादी लागली, तर सुजाताचा नंबर थेट विदर्भात! तिची आई एका हातात माशांची टोपली, दुसऱ्या हाताने सुजाताला ओढत दुकानात आली. फॉर्म उघडला आणि काय झालं ते मला कळलं. तरी म्हणालो, "हिणाच तसा सांगितल्यान. ह्या बघ, 'वरील माहिती मीच दिली आहे', टिक आसा."

"मी तसा सांगूक नाय गे आये!"

आईने सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत मारली. "म्हणे शिकतली! कॉलेजाचा नाव सांगूक येणा नाय!" गिऱ्हाईकं हसली. मीही हसलो.

तेवढ्या लांब पाठवणं त्यांना जमणार नव्हतं. सुजाता आईशेजारी मासे साफ करायला बसली.

त्याच आठवड्यात मी टचपॅड बंद केला. आणि तेव्हापासून... कुणाचाही फॉर्म असो, मी टाइप करत असतानाच कर्सर खाली जायचा आणि 'वरील माहिती मीच दिली आहे' या वाक्यापुढची टिक काढून टाकायचा. नेमकी तीच! मनगटं उचलून धरली. माउस काढला. कणकवलीच्या दुरुस्तीवाल्याने टचपॅडची वायरच सोडवली — "आता भूत इला तरी हलूचा नाय." त्याच संध्याकाळी टिक गेली. बायको टाइप करायची तेव्हा काहीच नाही. नवा लॅपटॉप घेतला, तरी माझ्या हाताखाली तेच. दहा महिने झाले, कारण सापडलेलं नाही. कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा.

गेल्या बुधवारी एका मुलीच्या फॉर्मवरची टिक तीनदा गेली. मी उठलो आणि तसाच मासळीबाजारात गेलो. सुजाता बांगडे साफ करत होती. आई होती, गिऱ्हाईकं होती. म्हटलं, "तो फॉर्म माझ्या हातसून बिघडलो."

तिने मान वर केली नाही. "जांव दे काकानू. माझ्याच तोंडातसून गेला असात. आता माकाच आठवणा नाय."

हेही मीच केलं होतं.

"नाय गो बाय," बाजाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी म्हटलं. "तू दोनदा कणकवली म्हणालंस. मी ऐकलंय. चुकलंय मी, आणि खोटा बोललंय तोय मीच. माका माफ कर."