कॅरेजचे नट

आमच्या घराला फाटक नाही. शेतातून येणारी पायवाट आहे आणि तिच्या तोंडाशी माझे वडील, आबा, रोज सकाळी बाभळीची फांदी आडवी टाकतात, गुरं आत शिरू नयेत म्हणून. जाणाऱ्यानं ती उचलायची, बाजूला ठेवायची, पुन्हा आडवी टाकायची आणि मग पुढं जायचं. त्या दिवशी मला एवढा दम कुठला! मी सायकलवर बसूनच पायानं फांदी ढकलली आणि तशीच दामटली. बांधाच्या पुढं गेल्यावर मागच्या चाकातली हवा गेली आणि ते दगडावर खडखडायला लागलं. तरी मी उतरले नाही. शेवटी व्हॉल्व्हपाशी ट्यूब फाटली आणि सायकल ढकलत परत घरी यावं लागलं.

माझी धाकटी बहीण नसरापूर फाट्यावर येऊन थांबणार होती. तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं तेव्हा आबा म्हणाले होते, "माझ्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाई." तेव्हापासून घरात तिचं नाव निघत नव्हतं. आता नवऱ्याची बदली पार बंगळूरला झाली होती. पुण्याहून एसटीनं फाट्यापर्यंत यायचं, मला भेटायचं, मागून कोल्हापूरची गाडी आली की तिनं निघायचं, असं आम्ही फोनवर ठरवलं होतं. कोल्हापुरातून पुढचं तिकीट काढलेलं, म्हणजे ती गाडी सोडता येणार नव्हती. पुन्हा कधी भेटेल, देव जाणे. आबांना मी सांगितलं होतं की फाट्यावरच्या मेडिकलमधून तुमच्या गोळ्या आणते.

"चाक काढावं लागतंय," आबा सायकलीकडं बघून म्हणाले.

"मी चालत जाते."

"एवढ्या उन्हात? मेडिकल काय पळून जातंय व्हय?"

तसंही चालत गेले असते तर गाडी निघूनच गेली असती. कामथडीच्या आमच्या वस्तीवर वडापची जीप येत नाही आणि शेजारची मोटारसायकल सकाळीच पुण्याला गेलेली. मी सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी केली. आबांनी गोठ्यातून पान्हा आणला, खुंटीवर टांगलेली जुनी ट्यूब आणली, डोक्यावरची टोपी काढून उलटी जमिनीवर ठेवली आणि एकेक नट सोडवून त्या टोपीत टाकायला लागले. आधी नट, मग वायसर, मग मागच्या कॅरेजची पट्टी, मग मडगार्डची तार. प्रत्येक गोष्ट फडक्यानं पुसून. देवपूजा चालली होती जणू. 

फोन वाजला. धाकटीच.

"ताई, आम्ही दोघं उतरलो. निघालीस ना?"

आबा दोन हातांच्या अंतरावर बसलेले. मी म्हटलं, "अहो, दुकान बंद करू नका. निघालेच मी."

तिनं आवाज बारीक केला. मग म्हणाली, "आबा आहेत का तिथं?"

"हो हो, त्याच गोळ्या," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आबांनी चेन उतरवली, चाक ओढून बाहेर काढलं. दोन चमचे मागितले. त्यांच्या दांड्या टायरमध्ये घालून टायर एका बाजूनं उचकटलं, फाटकी ट्यूब काढून फेकली. मी नवी घालायला पुढं झाले तर माझा हात बाजूला सारला. टायरच्या आतून बोटं फिरवत राहिले, हळूहळू, एक फेरी, पुन्हा दुसरी. अखेर चिमटीत काटा धरून मला दाखवला. फांदीचाच.  ओरडले असते तर निदान मला उलट बोलता आलं असतं.

पुन्हा फोन. "अहो, ठेवा ना उघडं थोडा वेळ!" मी जवळजवळ रडकुंडीला आले होते.

"लई जीव लावतोय मेडिकलवाला," आबा ट्यूब आत सारत म्हणाले. "आन् ह्या पिशवीत काय?"

पिशवीत इंद्रायणी तांदूळ होता. धाकटीला दुसरा भात गोड लागत नाही.

"त्याच्या बायकोनं मागितलाय."

"असंल, असंल."

चाक जागेवर बसलं. आबांनी चेन दातांवर चढवली, चाक मागं ओढलं, दोन्ही बाजूंना बोट घालून अंतर सारखं आहे का बघितलं. डावा नट थोडा, उजवा थोडा. मी म्हटलं, "झालं, द्या आता." तर ते कॅरेजची पट्टी हातात घेऊन बसलेले.

"आबा, कॅरेज राहू द्या! मला कशाला हवंय कॅरेज? पिशवी हँडलला अडकवते."

"लागतंय."

"काय लागतंय? मला उशीर होतोय!"

मी ओरडलेच. आयुष्यात त्यांच्यावर इतकी ओरडले नसेन. त्यांनी मान वर केली नाही. कॅरेज बसवलं, त्याचे नट आवळले, हातानं दाबून बघितलं, पुन्हा आवळले. मग सायकल सरळ करून पंप लावला. हवा भरताहेत, भरताहेत. टायर दगडासारखं झालं तरी थांबेनात. मला वाटलं, यांना सगळं कळलंय आणि मुद्दाम गाडी चुकवताहेत. त्या क्षणी मला त्यांचा राग आला, अगदी मनापासून.

मी सायकल हिसकावून घेतली, पिशवी कॅरेजला लावली. त्यांनी ती काढून हँडलला अडकवली. टोपी झटकून डोक्यावर घातली, पायवाटेच्या तोंडाशी जाऊन फांदी उचलली, मला पुढं काढलं आणि फांदी पुन्हा नीट आडवी टाकली. मग कॅरेजवर बसले, दोन्ही पाय एका बाजूला सोडून, पाहुण्यासारखे.

"हवा दोगांच्या वजनाची भरलीया," ते म्हणाले. "चल."

 पुढं चढ होता. आबा वाळून गेलेत तरी डबलसीट म्हणजे डबलसीट. रस्त्याला लागलो तोच माझ्या कुडत्याच्या खिशात फोन वाजायला लागला. मला हात सोडता येईना. आबांनी मागून खिशात हात घातला, फोन काढला, लांब धरून नाव वाचलं. जरा वेळ तो त्यांच्या हातात तसाच वाजत राहिला. मग त्यांनी तो कानाला लावला.

"दुकान बंद करू नगा," ते म्हणाले. "आमी दोगं बी येतोय."

पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. आबांनी एका हातानं माझ्या सीटची कड घट्ट धरली होती आणि मी पायडल मारत होते.