सोंड गेली आणि हत्ती राहिला

आमच्या खालच्या मजल्यावरच्या ताई प्रश्न विचारतात, मग थांबतात, डोळे मोठे करून समोर बघतात आणि म्हणतात, "अगदी बरोबर." समोरच्याने तोवर तोंड उघडलेलं असो वा नसो. टोमॅटोवाल्याला विचारतात, "आजचेच आहेत ना?" तो मान खाजवत असतो, तोवर "अगदी बरोबर" होऊन पिशवी पुढे आलेली असते. बिचाऱ्याला खोटं बोलायलाही वेळ मिळत नाही. एकदा दातांच्या डॉक्टरांना त्यांनी विचारलं, "काढावाच लागेल का हा?" आणि थांबून स्वतःच "अगदी बरोबर" म्हणाल्या. डॉक्टर अजून एक्स-रे उजेडाला धरून बघत होते. दात चांगला होता म्हणे.

यात त्यांचा दोष नाही. त्या टीव्हीवर अगदी लहान मुलांचा कार्यक्रम करतात. कागद कापायचा, चिकटवायचा, एक गोष्ट सांगायची, थोडं गायचं. घरोघरी बसलेल्या मुलांना उत्तर द्यायला सवड मिळावी म्हणून प्रश्नानंतर थांबायचं आणि मग शाबासकी द्यायची. कॅमेरा काही चुकीचं उत्तर देत नाही. इतकी वर्षं असं बोलल्यावर जिभेला तेच वळण पडणार. त्यांच्या यजमानांचं चौकात कुलपांचं दुकान आहे, म्हणून ते सगळ्यांचे कुलूपकाका. काका सांगतात, "लग्न करायचं का, हे हिनेच विचारलं. मी विचार करत होतो. अजून करतोय."

ताईंच्या कार्यक्रमाला लागणारा पुठ्ठा आमची अख्खी इमारत पुरवते. रिकामे खोके, नळ्या, झाकणं, काहीही टाकायचं नाही, ताईंच्या दाराशी ठेवायचं. मग दुपारी सगळे आपापला माल टीव्हीवर ओळखत बसतात. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांच्या पोट साफ होण्याच्या गोळ्यांचा खोका एकदा अग्निबाण होऊन चंद्रावर गेला. तेव्हापासून मास्तर जरा ताठ चालतात.

आता माझ्या लेकीचं सांगते, कारण हा सगळा घोळ तिच्यामुळे झाला. तिला आम्ही भिंगरी म्हणतो. घरभर फिरते, खुर्चीवर चढते, खिडकीला लोंबकळते, पण बोलत नाही. चौथं वर्ष लागलं तरी एक शब्द नाही. ऐकू येतं, कळतं सगळं. डॉक्टर म्हणतात, वाट बघा. सासूबाई म्हणतात, "बोलेल गं. हिचा बापही उशिराच बोलला." मग थोडा वेळ थांबून म्हणतात, "आणि बोलून तरी काय सांगितलंन?" मी चित्रांचे पत्ते आणले. गाय दाखवली की ती घोड्यावर बोट ठेवते. मी म्हणते, "चूक." पुन्हा दाखवते. पुन्हा चूक. पत्त्यांचे कोपरे झिजले, पण तिचं तोंड काही उघडलं नाही.

फक्त ताईंचा कार्यक्रम लागला की ती एका जागी बसायची. ताई थांबल्या की तिचे ओठ हलायचे. आवाज नाही, नुसते ओठ. मी भिंतीआडून श्वास रोखून बघायची.

एका दुपारी ताईंनी हत्ती केला. पोट मास्तरांच्या खोक्याचं, कान आमच्या बिस्किटांच्या पुड्याचे, सोंड म्हणजे एक नळी. हत्तीचं तोंड कॅमेऱ्याकडे आणि पाठ ताईंकडे. त्यांनी तो वर उचलला आणि सोंड गळून टेबलापुढे पडली. ताईंना ते दिसलं नाही. राहिलं काय, तर गोल पोट, आखूड पाय, दोन कान आणि नाकाच्या जागी एक वाटोळं भोक. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं असं म्हणतात. इथे सोंड गेली आणि हत्ती राहिला.

"सांगा बरं, कोण आहे हे?" ताईंनी विचारलं आणि थांबल्या.

"डुक्कर," भिंगरी म्हणाली. स्पष्ट, खणखणीत.

"अगदी बरोबर," ताई म्हणाल्या. "हत्ती."

भिंगरीने टीव्हीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उठून टीव्हीकडे पाठ करून बसली. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम लागला तेव्हा तिने ओठही हलवले नाहीत.

मी तडक खाली गेले. ताई डिंकाने चिकटलेली बोटं सोडवत होत्या.

"मला स्टुडिओत कळलं गं," त्या म्हणाल्या. "दिग्दर्शक म्हणाले, जाऊ दे, मुलं विसरतात."

"माझी नाही विसरली. पहिला शब्द होता तिचा."

"खरंच बोलली ती?" त्यांनी विचारलं, थांबल्या, आणि मी हो म्हणायच्या आत "अगदी बरोबर" म्हणून बसल्या. मग स्वतःच ओशाळल्या. "असं होतं बघ माझं. उद्या येते मी वर. पण उत्तर येईपर्यंत गप्प कशी बसू?"

"आयुष्यभर मी हेच विचारतोय," काका आतून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या, मागून काका. ताईंच्या एका हातात तोच बिनसोंडेचा हत्ती, दुसऱ्या हातात टीव्हीचा रिकामा खोका, समोरून चौकोन कापलेला. "चौकटीशिवाय मला सुचत नाही," त्या म्हणाल्या, जमिनीवर बसल्या आणि खोका तोंडापुढे उभा केला.

भिंगरी आधी खोक्याच्या मागे जाऊन आली. टीव्हीवर ताई टेबलापर्यंतच असतात. इथे त्यांना गुडघे होते, पाय होते आणि एक मोजा अंगठ्याशी फाटलेला होता. तिने तो अंगठा दाबून पाहिला. मग येऊन आपल्या नेहमीच्या जागी बसली.

"सांगा बरं, कोण आहे हे?" ताईंनी विचारलं. आणि काही कळायच्या आत खिशातून चिकटपट्टी काढून कचकन तोडली आणि स्वतःच्या ओठांवर लावली.

आम्ही वाट बघत बसलो. ताईंचे डोळे मोठे होत गेले. मी आणलेल्या चहावर साय धरली. सासूबाई डुलकी काढून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ही कोण कोंडून घातलीत खोक्यात?" काकांनी त्यांना खुणेनेच बसवलं. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. भिंगरी हत्तीकडे बघत होती, मग पट्टीकडे. शेवटी ती उठली, चौकटीतून हात आत घातला आणि टोक धरून पट्टी सावकाश ओढली.

पट्टी सुटली तशी ताईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "हत्ती."

"चूक," भिंगरी म्हणाली.

हा शब्द ताई कधी वापरत नाहीत. तो आमच्या घरचा.

"डुक्कर," ती म्हणाली, आणि नाकाच्या भोकात बोट घालून दाखवलं.

ताईंनी खोका बाजूला केला, हत्ती फिरवून आपल्याकडे केला, नीट पाहिला. मग टीव्हीवरच्या आवाजात नाही, साध्या आवाजात म्हणाल्या, "अगदी बरोबर."

मी पदराआड, दाराआड कुठेच गेले नाही. तिथेच बसून रडले.

"पहिल्यांदा ही उत्तर ऐकून बोलली," काका म्हणाले. "आता मलाही पुन्हा विचार."

"काय?"

"लग्नाचं."

"इश्श, सगळ्यांसमोर?" ताई म्हणाल्या, पण त्यांनी विचारलं. आणि थांबल्या. खरोखरच थांबल्या, हाताची मूठ तोंडावर दाबून.

काकांनी गार चहा उचलला, साय बोटाने बाजूला केली. विचार करू लागले. ताईंचे कान लाल झाले.

भिंगरीने काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "सांग ना," ती म्हणाली.

"मोठ्या माणसांना 'सांगा' म्हणावं गं," सासूबाई म्हणाल्या.

"चूक," भिंगरी म्हणाली.