मोजून पाच, वर एक

सरकारी खर्चानं आलेलं गणिताचं साहित्य बैलांच्या गळ्यात घालून गावभर मिरवलं गेलं, अशी बालवाडीची शिक्षिका अख्ख्या महाराष्ट्रात मी एकटीच. कुणी दुसरी असेल तर तिनं पुढं यावं, मी तिला साडी नेसवीन.

तेव्हा आमचा मुलूख धुळे जिल्ह्यात मोडायचा. राज्य नवं होतं, किलोग्रॅम नवा होता, मात्र शेर आणि पायली गावातून हलायचं नाव घेत नव्हत्या. या सगळ्यांत मी सगळ्यांत नवी. फायनल पास झालेली, धुळ्याला बालवाडीचं शिक्षण घेतलेली, नऊवारी सांभाळत एसटीच्या पायरीवरून तापीकाठच्या एका कापूस-केळीच्या गावात उतरलेली. तिथं घरात गुजराती वळणाचं बोलणं, ओट्यावर अहिराणी, आणि शुद्ध मराठी फक्त माझ्या तोंडात. तीही आठवड्याभरात पळाली.

बालवाडी भरायची ती गावातल्या एका मोठ्या बागायतदाराच्या कापसाच्या वखारीत. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. पत्र्याची लांबलचक वखार, एका कोपऱ्यात सरकीची पोती. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की वरून कावळा चालत गेला तर खाली आम्हाला भाजल्याचा वास यायचा. उंदीर एवढाले होते की हजेरी घेताना चुकून दोघांची नावं मी पटावर घातली होती. पण जागा फुकट होती. उन्हाळ्यात वखार रिकामीच असते, म्हणून आबांनी दिली होती.

आता त्या साहित्याचं. धुळ्याहून एक पेटी आली. तिच्यात लाकडी मणी, लाल, पिवळे, हिरवे, निळे. मुलांनी ओवायचे, मोजायचे, रंगांप्रमाणे लावायचे. इतके देखणे मणी की मी स्वतःच दोन दिवस खेळत बसले. तिसऱ्या दिवसापासून मणी कमी व्हायला लागले. मूल घरी जाताना मुठीत चार नेई, दुसरं कमरेच्या करगोट्यात सहा. मी म्हटलं, जाऊ दे, घरी सराव करत असतील. पोळ्याच्या दिवशी वेशीत जाऊन पाहते तर काय! एकेका बैलाच्या गळ्यात माझा अंकगणिताचा पहिला धडा. एका खोंडाच्या कपाळावर तर निळा-पिवळा, निळा-पिवळा असा क्रम एकही चूक न करता ओवलेला. धुळ्याच्या आमच्या बाईंनी पाहिला असता तर खोंडाला प्रमाणपत्र दिलं असतं.

मणी मागायचे कुणाकडे? बैलांकडे? मी पेटीला झाकण लावलं आणि गावात जे मिळेल ते उचललं. चिंचोके. सरकी. तापीच्या पात्रातले गुळगुळीत गोटे. ज्वारीच्या ताटांचे वीतभर तुकडे, त्यांची दहा-दहाची जुडी केळीच्या सोपटानं बांधलेली. वाळू मोजायला फुटक्या कडेचं मापटं.

दाराशी एक टोपली ठेवली. सकाळी येणाऱ्या प्रत्येक मुलानं एक गोटा टोपलीत टाकायचा, जाताना प्रत्येकानं एक उचलायचा. अंक कुणाला येत नव्हते, पण जितकी मुलं तितके गोटे एवढं डोळ्यांना कळायचं. एका दुपारी सगळी मुलं गेली आणि टोपलीत एक गोटा उरला. उंबऱ्यातून परतलेलं एक चिमुरडं मला म्हणालं, "बाई, एक पोऱ्या ऱ्हायना!" शोधलं तर एक पठ्ठ्या सरकीच्या पोत्यांमागं घोरत पडलेला. मी कडी लावून निघाले असते तर उंदरांनी रात्री त्याची पंगत केली असती. त्या दिवसापासून गोट्यावर माझा जेवढा विश्वास बसला तेवढा अजून देवावर नाही.

सगळं झकास चाललं होतं, आणि भाद्रपदात आबा वखारीच्या दारात येऊन उभे राहिले. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात काठी. मुलं जमिनीवर चिंचोक्यांच्या रांगा लावत होती.

"बाई, हाई काय करी ऱ्हायनात?"

"गणित शिकत आहेत, आबा."

"गनित? चिंचोकासनं?" आबांनी काठीनं एक रांग मोडली. "दसरानंतर मन्हा कापूस येवाव शे. ह्या पोरेसले तवलोंग काही येई ते ठीक. नही ते वखार खाली करी द्या."

"काय यायला हवं, आबा?"

"मी मांगसू तितलं मोजीसन दी देवानं. बस."

जाताना पुढं म्हणाले, "आनि मी एकच पोर उठाडसू. ज्याले माले उठाडानं त्याले."

गावात दुसरी जागा नव्हती. देवळाच्या ओट्यावर दिवसभर म्हातारे, पिंपळाखाली दिवसभर म्हशी. वखार गेली की बालवाडी गेली, आणि बालवाडी गेली की माझी रवानगी माहेरी, पापड लाटायला. मी पापड लाटले की ते भारताच्या नकाशासारखे होतात. म्हणजे तो रस्ताही बंद.

पण मला काळजी नव्हती. मागितलं तेवढं मोजून देणं, एवढंच ना? दुसऱ्या दिवशी मी एका पोराला म्हटलं, "मला पाच चिंचोके दे."

त्यानं सहा दिले.

"पाच रे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, चिंचोके परत घेतले, नीट मोजले, आणि पुन्हा सहा दिले.

दुसऱ्याला विचारलं, तीन गोटे दे. चार. तिसऱ्याला म्हटलं, दोन तुकडे दे. तीन. अख्खी वखार फिरले, एकाही पोरानं नेमकं दिलं नाही. गंमत म्हणजे कुणी कमी देईना. चुकायचंच तर कुणी चार द्यावेत, कुणी नऊ द्यावेत, पण नाही; सगळी पोरं एकानंच चुकत होती, जशी काही रात्री सभा भरवून ठरवून आली होती. मी बोटं धरून शिकवलं, ओरडले, गूळ दिला. गूळ दोन खडे वाटायला सांगितला तर तिसरा खडा शेजारणीच्या हातावर. आठवडाभर मला ताप असल्यासारखं झालं.

एका संध्याकाळी मी आबांच्या घरी ताक आणायला गेले. आबांच्या घरच्या कर्त्या बाईला, म्हणजे आबांच्या बायकोला, मी मोठी माय म्हणायची. नातवंडं म्हणायची म्हणून मीही. ती दारात बसून मजुरणींना ज्वारी मापून देत होती. मापटं भरलं, त्यावर शीग चढवली, शीग अशी की वर आणखी एक दाणा टाकला तर अख्खा सातपुडा खाली यावा. ती ओतली मजुरणीच्या पदरात. आणि मग पुन्हा पोत्यात हात घालून एक मूठ, वर.

"ती मूठ कसली, मोठी माय?"

"ती? वरनी."

"ती मापात धरायची का?"

"मापमा कसाले धरशी? माप ते माप. वरनी ती वरनी." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की ही शाळा शिकून आली का शाळा चुकवून आली. "मोजीसन तितलंच दिधं ते माणूसले दिधं असं वाटस का व बाई?"

तिची साडेचार वर्षांची नात शेजारी बसून बाहुलीला ज्वारी वाटत होती. बाहुलीला दोन दाणे, मग आणखी एक. माझ्याच बालवाडीतली. माझ्या डोक्यात एकदम पत्रा उडाल्यासारखा उजेड पडला. मी धावत सुटले; ताकाचा तांब्या तिथंच राहिला, तो दुसऱ्या दिवशी मोठी मायनं पाठवला, अर्थात वर लोण्याचा गोळा घालून.

पोरं चुकत नव्हतीच. पाच मोजत होती, आणि माणसाला द्यायचं म्हणून एक वर ठेवत होती. या गावात कुणी कुणाला उघडं माप देतच नव्हतं. भाजीवालीनं पाच लिंबं दिली की सहावं टाकलं पाहिजे. दुधाच्या मापावर एक धार वर. पोरांनी चालता येण्याआधी हे पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सवाल बदलला. पाच चिंचोके मागितले, सहा आले, आणि मी विचारलं, "यातले माझे किती?"

"पाच!"

"वरचे किती?"

"एक!"

"मग माझ्या हातात सगळे मिळून किती?"

पोरानं बोटानं एकेक चिंचोका दाबत मोजलं. "सहा!"

धुळ्याला आम्हाला सांगितलं होतं की बेरीज पुढच्या वर्षी. इथं नाक पुसता न येणारी पोरं बेरीज करत बसली होती. मग वरचे दोन केले. मग वरचं परत घ्यायला लावलं, ती झाली वजाबाकी. दसऱ्यापर्यंत पोरं एवढी तयार झाली की घरी आईनं एक भाकरी वाढली की विचारायची, "हाई मापनी का वरनी?" तीन आया माझ्याशी भांडायला आल्या.

मात्र एक गोष्ट मला रात्रंदिवस टोचत होती. आबा. कारण गावात वर न देणारा माणूस एकच होता, तो आबा. ते शेर मापताना अंगठा मापाच्या आत धरायचे, आणि तो अंगठा, मी शपथेवर सांगते, केळीच्या बुंध्याएवढा होता. त्या अंगठ्यानं आजवर किती ज्वारी वाचवली याचा हिशोब अजून कुणी केला नाही. अशा माणसानं सात मागितल्यावर पोरगं आठ देणार. आबा म्हणणार, चुकलं. आणि पोरांना 'आबांना वर देऊ नका' असं शिकवायला माझी जीभ उचलेना. अख्खं गाव जे देत होतं ते मी कोणत्या तोंडानं काढून घेऊ?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आबा आले. मागं निम्मं गाव. आबांच्या गड्यानं केळीचा एक घड आणून वखारीत टेकवला, केवढा म्हणाल तर त्याच्या सावलीत पाच पोरं बसली. आबांनी सगळीकडे नजर फिरवली आणि काठी रोखली ती आपल्या नातीवर. घरचीच पोर, म्हणजे बाईला 'परकी पोरं उठवली' म्हणायला जागा नको.

"सात दे वं माले."

ती उठली. घडाशी बसून एकेक केळं तोडलं, बोटानं मोजलं, फ्रॉकच्या ओच्यात घेतलं, आबांच्या पुढं रांग लावली. सात. मग परत गेली.  आठवं घेऊन आली आणि रांगेच्या डोक्यावर आडवं ठेवलं.

"आठ शेतस!" आबा गरजले. "बाई, मी सात मांगनू. चुकनी."

"नही चुकनी," पोरगी म्हणाली. "सात तुम्हना. एक वर."

"वर कोनी मांगं?"

"वर मांगतस का? वर ते देतस."

दारातल्या बायांत खसखस पिकली. मागून एक मजूरण म्हणाली, "पोर मोठी मायवर गयी, आबा, तुम्हनावर नही!" मोठी माय तिथंच उभी होती. तिनं पदर तोंडावर घेतला, पण खांदे हलत होते.

आबा लाल झाले. मी तोंड उघडणार तोच ते नातीकडं वाकले. "बरं. तुन्ही वरनी लई जाय. आते कितला?"

"सात."

"मी आठच लिसू. आते दे, वर."

"नऊ."

"नऊ मन्हा. आते वर दोन."

ती घडाकडं पळाली. अकरा. मग बाकीची पोरंही ओरडून सांगायला लागली, ताटांच्या जुड्या काढून आबांच्या पुढं मांडायला लागली: एक जुडी नि वर एक. आबा मांडी घालून जमिनीवर बसले. परीक्षा घेतोय हे ते विसरलेच. त्यांना पहिल्यांदाच फुकट वर मिळत होतं आणि ते सोडवेना. घड संपला तेव्हा आबांच्या भोवती केळ्यांचं कुंपण झालं होतं, आणि त्याच्या आतून आवाज आला, "बाई, ह्या पोरीले बेरीज-वजाबाकी कवय शिकाडी?"

"मी फक्त विचारलं, आबा. शिकवलं तुमच्या घरच्या मापानं."

 आबांनी नातीचं नाक आपल्या उपरण्यानं पुसलं. मग उठले, धोतर झटकलं.

"कापूस ते येवाव शे, बाई. तो काही थांबाव नही. अर्धी वखार कापूसनी, अर्धी पोरेसनी. मधमा तट्ट्या ठोकी देस."

मी पदर खोचला. मला काही आणखी मागायचा हक्क नव्हता, पण तोंडाला कोण आवरणार? "अर्धी झाली मापाची, आबा."

 आबांनी माझ्याकडं पाहिलं, मग दाराकडं, जिथं मोठी माय उभी होती.

"वखारना ओटा लई ल्या," ते पुटपुटले. "वर."

आठवड्यानं पहिली गाडी आली. बांबूच्या तट्ट्याच्या पलीकडं कापसाचा ढीग पत्र्याला लागला, आणि फटींतून धागे आमच्याकडे उडत राहिले. दुपारपर्यंत सगळ्या मुलांचे केस पांढरे, जणू मी वृद्धाश्रम चालवत होते. गडी काटा लावायचे तेव्हा पोरं तट्ट्याला नाकं चिकटवून बसत. एकदा मी त्यांच्याच काट्याच्या एका पारड्यात पसाभर गोटे ठेवले आणि म्हटलं, याच्याएवढा कापूस आणा. त्यांनी आणला, ओंजळीनं, मग कवेत, मग तिघांनी मिळून पोत्यात, आणि पारडं हलेना तेव्हा एवढी मोठी बोंब झाली की शेजारच्या गावची चार मुलं काय झालं ते पाहायला नावेतून आली. ती परत गेलीच नाहीत. त्यांच्यासाठी मी टोपलीत चार गोटे वाढवले.