चाकांना मारलेलं डिझेल

अणदूरच्या शिवप्रियाची जुनी लाल गाडी गावात सगळ्यांच्या ओळखीची आहे, ती सायलेन्सरच्या आवाजामुळं. स्पर्धेच्या ट्रॅकवर पळवायला तिनं ती स्वतः तयार केली. इंजिन खोललं, मागची सीट काढली, तेव्हा बघायला गर्दी व्हायची. ब्रेकचं काम सुरू झालं आणि कुणी फिरकेना.

खरं काम तेच होतं. पुण्याजवळच्या ट्रॅकवर ती आणि तिच्या मदतीला मी, असे सरावाला गेलो तेव्हा तिसऱ्या फेरीत ब्रेकचं पेडल मऊ पडून पार तळाला गेलं. आतलं ऑइल तापून उकळलं होतं. पुढचं वळण तिनं गिअर पाडून कसंबसं काढलं, आणि उतरल्यावर पाणीसुद्धा न पिता चाकाशी जाऊन बसली. मग आम्ही दोघांनी पुढं मोठ्या डिस्क बसवल्या, ऑइल बदललं, जास्त उष्णता सोसणारे पॅड मागवले. तसले पॅड आपल्याकडं दुकानात मिळत नाहीत. वाट बघावी लागते.

तिचे काका अमरनाथ गावातले पुढारी. एकदा डोकावले.

"गाडी पळवायला घेतलीस का थांबवायला?"

"तीन फेऱ्या मारल्या की पेडल खाली जातंय, काका."

"मग दोनच मार की!"

रविवारी तिची पहिली स्पर्धा. आदल्या दिवशी काकांनी खंडोबाच्या देवळासमोर सत्कार ठेवला. बॅनरवर काका मोठे, गाडी मधली, शिवप्रिया कोपऱ्यात. सकाळीच तिला न विचारता ते गाडी सर्व्हिसिंगला नेऊन चकाचक करून आले होते. शाल, श्रीफळ, हलगी, सगळं झालं. मग काका शेजारच्या सीटवर बसले, खिडकीतून हात हलवायला.

तिनं उतारावर गाडी हळूच सोडली. बॅनरजवळ ब्रेक दाबला. गाडी थांबेना, उलट डावीकडं ओढ घेत हलगीवाल्यांच्या रोखानं निघाली. तिनं हँडब्रेक खेचला. बंपर बॅनरच्या बांबूला टेकला तेव्हा कुठं गाडी उभी राहिली. काकांचे दोन्ही पाय समोर पत्र्यात रोवलेले, जसं काही तिथंही एक पेडल होतं.

ती उतरली, चाकापाशी वाकली, वास घेतला.

"काका, चाकांना काय मारलंय?"

"डिझल. खालून सगळ्या गाडीलाच मारून घेतलं. चाकं बघ की, कशी काळीभोर दिसायलीत!"

"पॅड पिऊन बसलेत सगळं."

"मग पूस फडक्यानं. उद्या जरा हळू चालव."

पॅडमध्ये मुरलेलं डिझेल पुसून जात नाही. काकांना ते ठाऊक नसेल, मान्य. पण जिची गाडी तिला एक फोन करायला काय झालं होतं? आणि हळू चालव म्हणे! ट्रॅकवर शंभरच्या वेगानं वळण अंगावर येतं, तेव्हा हा सल्ला कोणत्या कामाचा?

"मी न्हाय जाणार उद्या," शिवप्रिया म्हणाली.

"अगं, बॅनर लागलंय!"

तिनं जॅक काढला, अंगावरच्या शालीची घडी करून मातीत टाकली, तिच्यावर गुडघे टेकले आणि सगळ्या गावासमोर चाक खोलायला लागली.

काका धावत आले. मला वाटलं, पॅड बघायला.

"अगं पोरी, शाल! शालीला डिझल लागलं ना!"

तिची स्पर्धा हुकली. शालीवरनं त्यांच्या घरात अजून बोलणी चालू आहेत. पॅडबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं नाही.