मुकादमीण कोण?

“कामाचं हिला विचारत जा. हिला सगळं ठाऊक आहे. फक्त पाण्याच्या माठाला हात लावू देऊ नका.”

मालक बोलला. माझ्याकडे बोट करून. पण माझ्याशी नाही, शेजारी उभ्या असलेल्या विमलबाईशी.

दिग्रसच्या जिनातली, म्हणजे कापसाच्या कारखान्यातली गोष्ट. आम्ही बौद्ध होऊन तीन-चार वर्षं झाली होती. आमच्या वस्तीतल्या घरांतून जुने देव निघाले होते. जिनाच्या आवारातला माठ मात्र होता तिथंच होता. आम्हाला पाणी वरून ओतायचे. ओंजळीत.

त्या दिवशी मी पातळ स्वच्छ धुऊन नेसले होते. का, ते सांगते. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या मशिनीला आम्ही रेचा म्हणायचो. रेच्यांवर कापूस घालायचं काम बायकांचं. आमची जुनी मुकादमीण आजारपणानं घरी बसली, तेव्हापासून सगळी लाईन मीच चालवत होते. मला कोणी सांगितलं नव्हतं. कोणीतरी चालवायलाच हवी होती. कोणाला ताप आहे, कोणाला नवऱ्यानं मारलंय, कोणाचं कोणाशी पटत नाही, हे बघून मी सकाळी बायका उभ्या करायची. खोकणाऱ्या म्हातारीला दाराजवळ, जिथं वारा येतो. भांडलेल्या दोघींना दोन टोकांना. ओरडावं लागत नव्हतं.

नवी मुकादमीण कोण ते सांगायला मालकानं सगळ्यांना आवारात बोलावलं, तेव्हा बायका माझ्याकडे बघून हसत होत्या. माझ्या शेजारच्या रेच्यावरच्या गुंफीनं कोपरानं डिवचलं. “आता तूच वं.”

आणि मुनीमजींची मेहुणी पुढे आली. विमलबाई. पायात चपला, हातात छत्री. सातवी पास. जिनात पहिल्यांदाच पाऊल ठेवत होती.

मी जळले. दुसरा शब्द नाही. तिच्या चपलांवर जळले. तिला बसायला स्टूल मिळालं, त्यावर जळले. बायका तिला “बाई, बाई” म्हणायला लागल्या, मग बायकांवरही जळले. घरी नवरा म्हणायचा, “काम तं हाये ना तुले. मंग कायले जीव जाळून राह्यली?”

त्याला कसं सांगू? काम माझं होतं. नाव तिचं होतं.

विमलबाई वाईट नव्हती. तेच जास्त सलायचं. सकाळी भोंगा व्हायच्या आधी ती मला सरकीच्या ढिगामागे बोलवायची. हळूच विचारायची, “आज कोणाला कुठं उभं करू गं?” मी सांगायची. नाही सांगितलं तर त्या म्हातारीला धुळीत उभं केलं असतं. मग मालक आला की विमलबाई तेच मोठ्यानं बोलायची. माझं वाक्य, जसंच्या तसं. मालक मान हलवायचा. “शाबास, विमलबाई.” मी तिथंच, हाताच्या अंतरावर, कापूस घालत असायची.

मग मालकाचा हुकूम आला. लेकुरवाळ्या बायकांनी जेवणाच्या भोंग्यापर्यंत रेचा सोडायचा नाही. त्यांची लेकरं आवारातल्या कडुलिंबाला बांधलेल्या झोळ्यांत असायची. बायका मध्येच जाऊन पाजून यायच्या. ते आता बंद.

हे बायकांना सांगायचं काम विमलबाईचं. ती माझ्याकडे आली. “तूच सांग गं. तुझं ऐकतात त्या.” मग खाली बघत म्हणाली, “मी बोलले तरी आधी तुझ्याकडे बघतात. पहिल्या दिवसापासून बघतेय मी.”

तीही जळत होती. माझ्यावर! खोटं कशाला बोलू, फार गोड वाटलं. मी लगेच कापसाच्या गाठोड्यावर चढले. हात वर केला. मशिनींच्या त्या धडधडाटातही सगळ्या जणींचे हात थांबले. डोळे माझ्याकडे. विमलबाई माझ्या पायांशी उभी.

समोर गुंफी होती. तिच्या चोळीवर दुधाचे ओले डाग. बाहेर तिची पोरगी रडत असणार. रडणं ऐकू येत नव्हतं. गुंफीच्या अंगाला ते कळलं होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. असलं काही मी सांगत नाही, म्हणून या बायका माझं ऐकतात. आणि मालकाला फक्त माझं तोंड पाहिजे.

“बाई, मी नाई सांगत,” मी वरूनच म्हटलं. “माह्यं आयकतात, म्हणूनच नाई सांगत.” मग बायकांकडे वळून ओरडले, “ज्यायची लेकरं रडून राह्यली त्यायनं जा. पाजून या. बाकीच्या त्यायचे रेचे सांभाळतीन.”

गुंफी पहिली निघाली. तिच्यामागे बाकीच्या. शेजारणींनी दोन-दोन रेचे सांभाळले. एकही रिकामा राहिला नाही.

मालकानं मला ऑफिसच्या पायरीखाली उभं केलं. “माफी माग. मग जा कामावर.”

“मुकादमीण कोन हाये?” मी विचारलं.

“विमलबाई.”

“मंग तिनंच सांगाव. मले सांग म्हणता, तं मले मुकादमीण करा. सगळ्यायसमोर. अन् माठातलं पानी माह्या हातानं घेऊ द्या.”

तो हसला. मुनीमजीही हसले. “डोक्यावर चढली ही,” मालक म्हणाला. “बाहेर काढा.”

माझ्यासाठी जिन बंद पडलं नाही. बायका दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या. त्यांच्याही चुली होत्या. पण लेकरं पाजायला जायचं त्यांनी सोडलं नाही, आणि मालकानंही ते पुन्हा अडवलं नाही. गुंफीनं घरी येऊन सांगितलं. हेही सांगितलं की मुनीमजी सगळीकडे म्हणतात, ही सूट विमलबाईनं मालकाशी बोलून मिळवली.

मी पुन्हा जळले. पण या वेळी ते गिळलं नाही.

गावाच्या दुसऱ्या टोकाला एक जिन होतं. तिथं गेले. फाटकावरच्या जमादारानं विचारलं, “रेच्यावर काम पाहिजे का?”

“मुकादमिणीचं पाहिजे.”

त्यानं मला वरून खालपर्यंत पाहिलं. “कोणत्या वस्तीतली तू?”

सांगितलं. आवाज न उतरवता.

“रेच्यावर यायचं तर ये. ते काम तुमचं नाही.”

“उद्या येईन,” मी म्हटलं. “परवा येईन. रोज येईन. पन रेच्यावर नाई येनार.”

दुसऱ्या दिवशी भोंगा व्हायच्या आधी मी त्याच फाटकावर उभी होते.