हा दंड तिचा

पेठ गावाजवळच्या आमच्या आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरना विचारायची सवय होती. शाळेत पाणी प्यायला आल्या, तरी माठाशी थांबून म्हणायच्या, "घेऊ ना?" सुई भरून झाली की समोरच्याच्या तोंडाकडे बघून, "देऊ ना?" होकार आल्याशिवाय हात पुढे जायचा नाही. करोनात मी शिक्षक म्हणून लसीकरणाच्या ड्युटीवर होतो. रांग खोळंबायची आणि मी चिडायचो, "अहो, घ्यायलाच आलेत ना सगळे!"

"तरी विचारावं ना सर."

एकदा तालुक्याचे साहेब आले. लस नाही तर रेशन नाही, असा दम देऊन त्यांनी पाड्यावरच्या एका म्हातारीला खुर्चीत बसवलं.

"देऊ ना आजी?"

"नाय."

साहेब कडाडले, "नाय म्हणजे? धरा तिला! नाहीतर दंड करीन!"

सिस्टरनी सुईला टोपण लावलं. म्हातारीच्या उघड्या दंडावर पदर ओढला आणि म्हणाल्या, "तुमचा दंड तुम्ही करा साहेब. हा दंड तिचा हाय."

म्हातारी पुन्हा आलीच नाही. राज्यघटनेनुसार लशीसाठी कुणाच्या शरीरावर सक्ती करता येत नाही, असं पुढे कोर्टानंही सांगितलं. तरी तिला लस द्यायला हवी होती, असं मला आजही वाटतं.

परवा नाशिकच्या एका दवाखान्यात नर्सनं माझी बाही वर सारली आणि इंजेक्शन देऊन ती मोकळीही झाली. दुखलं काहीच नाही. मी मात्र बाही तशीच धरून बसलो होतो. अजून कुणी विचारलंच नव्हतं.